चांद्याचा खड्डा

"खातू, आंबेटवाडीत बैल गेलाय," कंडक्टर गायकर माझ्या केबिनच्या खिडकीत कोपर टेकवून म्हणाला. "चांगुणाबाईचा चांद्या. पहाटे गेला. मी निघालो तेव्हा खड्डा कमरेएवढा झाला होता."

मी त्या वेळी गाडी लागल्याची घोषणा करत होतो. माईक चालूच राहिला आणि खड्डा कमरेएवढा झाल्याचं सगळ्या स्थानकाने ऐकलं. दोन बायका दचकून इकडे बघायला लागल्या. मी माईक बंद केला, खुर्ची जोडीदाराच्या ताब्यात दिली आणि गायकरच्याच साडेनऊच्या परतीच्या गाडीत चढलो.

बारा वर्षं झाली त्याला. तेव्हा मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे गाडी कुठे आहे ते लोकांना सांगायचं आणि गाडी नसली की त्यांची बोलणी खायची. आठवड्यातून एक दिवस मात्र मी लेखक असायचो. जिल्ह्याच्या एका साप्ताहिकात दर रविवारी माझं ‘कुंपणापलीकडे’ नावाचं सदर यायचं. कुठे वणवा लागला, कुठे खवलेमांजर सापडलं, कुठली देवराई तोडली, अशा बातम्या आणि त्यावर माझी चरफड. या बातम्या मला कंडक्टर लोक आणून द्यायचे. मुक्कामाच्या गाडीला गेलेला माणूस सकाळी परत आला की तिकिटांच्या मशीनबरोबर एखादी चिठ्ठीही ठेवायचा. ‘मोरगिरीत धनेश दिसला.’ ‘खाडीत मेलेले मासे, वास येतो.’ मी त्यावर आठशे शब्द लिहायचो. छापून यायचं, लोक छान म्हणायचे, आणि देवराई तुटायची ती तुटायचीच. त्या दिवसांतच मी थकायला लागलो होतो, फक्त कबूल करत नव्हतो.

आंबेटवाडीवर मात्र माझा जीव होता. वाडीच्या मागे माडांच्या रांगेत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची नऊ घरटी होती. आख्ख्या तालुक्यात तेवढीच उरली होती. सात घरट्यांत पिल्लं होती आणि खायला काही नव्हतं. पूर्वी मेलेलं जनावर वाडीबाहेरच्या कातळावर टाकायचे, गिधाडं दोन तासांत साफ करायची. मग गाव स्वच्छ ठेवायचं वारं आलं आणि लोक जनावरं पुरायला लागले. सहा आठवड्यांत कातळावर एक कोंबडी पडली नव्हती. त्या आठवड्यात एक पिल्लू घरट्यातून खाली पडलं. आमच्या भागातल्या वनरक्षकाने, मढवीने, ते हातात घेऊन मला दाखवलं. वजन असं काही नव्हतंच त्याला.

"अजून पंधरा दिवस असेच गेले तर एकही उडणार नाही," मढवी म्हणाला होता.

म्हणून मी सदरात लिहिलं, ‘मेलेलं जनावर पुरू नका, गिधाडांना द्या.’ एकदा नाही, चारदा लिहिलं. मढवीने मला तीन प्रश्न पाठ करून घेतले होते. जनावर कशाने मेलं? विष पोटात गेलं होतं का? आणि दुखणं थांबवायची सुई दिली होती का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्या सुईतलं औषध मेलेल्या जनावराच्या अंगात राहतं, आणि ते मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. दोन दिवस मान खाली टाकून बसतं, मग पडतं. जनावरांना ते द्यायला बंदी होती, पण माणसांच्या नावावर बाटली मिळायची. हे सगळं मीच माझ्या सदरात लिहिलं होतं. चौकट टाकून.

चारदा लिहूनही एकाही माणसाने जनावर दिलं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा खड्डा छातीएवढा झाला होता. भेंडीच्या जुन्या, मोठ्या झाडाखाली, घरापासून वीस पावलांवर. चांद्या बाजूला आडवा होता. त्याच्यावर कोरं लुगडं घातलं होतं, शिंगांना हळद-कुंकू. कपाळावरच्या ज्या पांढऱ्या ठिपक्यावरून त्याचं नाव पडलं, तेवढा उघडा होता. चांगुणाबाई त्याच्या डोक्याशी बसल्या होत्या. साठीची बाई, एकटी राहायची, दोन एकर भात लावायची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"मावशी, मी खातू," मी म्हणालो. "स्टँडवरचा."

"वळखते मी. गायकर वाचून दाखवतो तुमचं." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी कशाला आलाव ते बी वळखते. नाय म्हनते, भाऊ."

मी खाली बसलो. तीन तास बसलो. काय काय बोललो ते आज आठवलं की कसंतरी होतं. पिल्लाचं सांगितलं, कातळाचं सांगितलं, त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी सगळी वाडी हेच करायची तेही सांगितलं. खड्डा खणणारे दोघे फावड्यांवर हात ठेवून ऐकत राहिले. हळूहळू आणखी माणसं जमली.

"माझा मालक गेला त्या वर्षी ह्यो एकटाच होता," चांगुणाबाई म्हणाल्या. "जोडीचा आदल्या साली गेलेला. शेजारच्याचा एक घेऊन ह्याच्याबरोबर नांगराला लावायची मी. ह्यो पुढं, मी मागं. मी थांबले का ह्यो थांबायचा. त्याला तुमी टाकायला सांगता."

"टाकायला नाही मावशी, द्यायला सांगतोय."

हे वाक्य माझ्या सदरातलं. मला फार आवडायचं ते. त्यांना ते भिडलं, तेही मला दिसलं.

त्या उठल्या. माडांच्या दिशेने गेल्या आणि मान वर करून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. वर एका घरट्याच्या काठावर पिल्लू बसलं होतं, उघडी मान, पंख धड फुटलेले नाहीत. ते हलतही नव्हतं.

परत आल्या आणि म्हणाल्या, "न्या."

"नक्की ना, मावशी?"

"न्या म्हनते ना. त्याला कुनाच्या तरी पोटाला लागू दे."

त्यांनी स्वतः लुगडं काढलं, घडी घातली. पदराचं टोक ओलं करून शिंगांवरचं कुंकू पुसायला लागल्या, गिधाडांना बाधेल म्हणून. दोघे जण वासे आणायला गेले. एका वर्षात पहिल्यांदा माझं लिहिलेलं कुणाच्या तरी अंगणात खरं होत होतं.

पुसता पुसता त्या चांद्याशी बोलावं तसं बोलत होत्या. "तीन दिस पाय टेकवला नाय ह्यानं. कन्हायचा नुसता. खालच्या वाडीतला तो सुया देनारा आला, दोन सुया मारल्यान मानेत, कळ थांबावी म्हनून. परवा एक, काल एक. कालची रात निजला बरा. तेवढंच समाधान."

मी ऐकलं. नीट ऐकलं. त्या वेळी मी त्यांच्या बोटाकडे बघत होतो, कुंकवाने लाल झालेल्या. तिसरा प्रश्न मला विचारावाही लागला नव्हता, उत्तर समोर येऊन पडलं होतं.

आणि मी गप्प बसलो.

का, ते मी स्वतःला बारा वर्षं विचारतोय. ज्या बाईला तीन तास घालवून ‘न्या’ म्हणायला लावलं, तिला आता ‘नको, पुरा’ कसं म्हणू? सगळी वाडी उभी होती. पुन्हा कोण माझं ऐकणार होतं? आणि सुई म्हणजे तीच असेल कशावरून, तापाची असेल, ताकदीची असेल. ‘कळ थांबावी म्हणून’ हे शब्द कानात ताजे असताना मी स्वतःला हे सांगत होतो. त्यातून ते पिल्लू. ते उपाशी मरणार हे नक्की होतं, सुईचं नक्की नव्हतं, असा हिशेब मी मनात मांडला. असले हिशेब माणसाला फार पटकन जमतात.

सहा माणसांनी चांद्याला दोन वाशांना बांधून कातळावर नेलं. वाटेत मढवी मोटारसायकलवरून आला. घाईत होता, दुसऱ्या गावात वणवा लागला होता.

"खातूसाहेब, जमवलंत की," तो म्हणाला. "तिन्ही प्रश्न विचारलेत ना?"

"विचारले."

"सुई?"

"नाही."

तो हसला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापल्यावर गिधाडं उतरली. पहिल्यांदा दोन, मग पाच, मग मोजता येईनात. सव्वीस होती. वाडीतली सगळी माणसं लांब करवंदीच्या जाळीआड बसून बघत होती. धक्काबुक्की, पंखांची फडफड, तो ओला आवाज. चांगुणाबाईंना मी येऊ नका म्हणालो होतो, पण त्या आल्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं नाही.

"किती भूक होती रे बाबांनो," त्या हळूच म्हणाल्या.

दुपारी मोठी गिधाडं गळे भरून माडांवर परतली आणि पिल्लांच्या चोचीत चोच घालून भरवायला लागली. चांगुणाबाई एकेक घरटं बोटाने दाखवत होत्या. "त्यानं खाल्लंन. त्यानं बी खाल्लंन." त्या हसल्या तेव्हा मला समोरचे दोन दात नसलेले दिसले. मीही हसलो. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी खूप खूश होतो. सुईचं मी मनातून काढूनच टाकलं होतं. गुरुवारी ‘चांद्याचं देणं’ नावाचं सदर लिहिलं आणि साप्ताहिकाकडे पाठवून दिलं.

शुक्रवारी दुपारी गायकर गाडीतून उतरला तो चिठ्ठी न देता नुसताच माझ्यासमोर उभा राहिला.

"माना टाकून बसलीयत," तो म्हणाला. "चार तर खाली पडलीयत."

त्या दिवशी आणि शनिवारी मिळून अकरा पडली. मी माडांखाली उभा होतो तेव्हा एक पडलं. वर फांदी नसते ना माडाला, झावळीवरून घसरत आलं आणि माझ्यापासून दहा फुटांवर आपटलं. डोळे उघडे होते. वरच्या घरट्यातलं पिल्लू खाली डोकावून बघत होतं. एकेका घरट्यात दिवसभर कुणी येईना, मग ती पिल्लंही एकेक करून निजली.

शनिवारी दुपारी मढवी आला. दोन गिधाडं तपासणीला पाठवायची म्हणून गोणीत घातली. मग आम्ही तिघं चांगुणाबाईंच्या ओट्यावर बसलो. मढवी माझ्याकडे बघत नव्हता. त्याने वही काढली.

"मावशी, खरं सांगा. बैलाला सुई दिली होती?"

चांगुणाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तांब्याकडे बघत होतो. पितळेचा तांब्या, त्याच्या काठाला एक पोचा होता.

"दिली होती," त्या म्हणाल्या. "दोन."

"कळ थांबायची?"

"व्हय."

मढवीने डोळे मिटले. "खातूसाहेबांनी तुम्हाला विचारलं नव्हतं?"

आता बोलायचं होतं मला. एवढंच म्हणायचं होतं की मावशींनी सांगितलं होतं, चूक माझी. एक वाक्य. रोज माईकवर दोनशे वाक्यं बोलणारा माणूस मी. मी तांब्याच्या पोच्यावरून अंगठा फिरवत राहिलो.

"इचारलं होतं," चांगुणाबाई म्हणाल्या. "मीच नाय सांगितलं. माझ्या ध्यानातच नाय आलं."

"ध्यानात नाही आलं?" मढवीचा आवाज चढला. "अकरा गिधाडं गेली, मावशी. पिल्लं जातील ती वेगळीच. तालुक्यातली शेवटची होती ती. एवढं साधं सांगता येत नाही तुम्हाला?"

दारात वाडीतली माणसं उभी होती. सगळ्यांनी ऐकलं. चांगुणाबाई मान खाली घालून बसल्या आणि मढवी बोलत राहिला. तो रडकुंडीला आला होता, म्हणून ओरडत होता. मी त्याला थांबवलं नाही.

थोड्या वेळाने शांत होऊन तो म्हणाला, कातळावर बैलाचं जे उरलंय ते आजच्या आज खोल पुरायला हवं, नाहीतर उरलेलीही तेच खातील. मेलेली गिधाडंही पुरायची. खड्डा खणायला माणसं लागतील.

"खड्डा खणलेला हाय," चांगुणाबाई म्हणाल्या.

तो तसाच उघडा होता, भेंडीखाली. आम्ही चांद्याचा सांगाडा आणून त्यात ठेवला. त्याच्या कुशीत नऊ गिधाडं. पंख मिटून ठेवायला जमेना, पुन्हा पुन्हा उघडायचे, शेवटी चांगुणाबाई खाली उतरल्या आणि एकेक पंख हाताने दाबून नीट करून आल्या. मग तेच घडी घातलेलं लुगडं सगळ्यांवर पसरलं. वर हळद-कुंकू टाकलं. मढवी कडेला उभा राहून नाक ओढत होता.

तो गेल्यावर मी त्यांच्या मागोमाग विहिरीपर्यंत गेलो. त्या हात धूत होत्या.

"मावशी, तुम्ही मला सांगितलं होतं."

"व्हय."

"मग खोटं कशाला बोललात?"

त्यांनी हात पदराला पुसले. थकलेल्या दिसत होत्या, रागावलेल्या नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"माझं कोन ऐकतंय, भाऊ? मी खरी का खोटी, कुनाला काय. तुमचं लोक वाचत्यात. तुमच्यावरचा इस्वास गेला तर ह्या पाखरांचं बोलायला कोन हाय आमच्याकडं?" पदर खोचत म्हणाल्या, "तुमी ऐकलंव न्हवतं असं समजले होते मी. आज ओट्यावर तुमचं तोंड बघितलं, तवा कळलं."

मी घरी आलो. साप्ताहिकाला फोन करून ‘चांद्याचं देणं’ थांबवलं. संपादक म्हणाले, मग त्या जागेवर काय टाकू? मी तासाभरात दुसरं लिहून दिलं. गिधाडं मेल्याची बातमी, औषधावरची बंदी कशी कागदावर राहते, सरकार काय करतंय, वगैरे. त्यात एक वाक्य होतं. ‘आंबेटवाडी येथील एका वृद्ध महिलेने माहितीअभावी उपचाराची बाब सांगितली नाही, आणि होत्याचं नव्हतं झालं.’

माहितीअभावी. नाव लिहिलं नाही म्हणून मी स्वतःला सभ्य समजत होतो.

त्या लेखाची खूप चर्चा झाली. मोठ्या वर्तमानपत्राने उचलला. दोन शाळांनी मला भाषणाला बोलावलं. गायकरने तो नेहमीप्रमाणे आंबेटवाडीत वाचून दाखवला. मी भीत भीत विचारलं, काय म्हणाल्या? तो म्हणाला, "बरोबर लिवलंय म्हणाल्या. आणि घरात गेल्या."

वाडीत त्यांचं नाव पडलं ते पडलंच. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, हिने गिधाडं मारली. उरलेली पंधरा गिधाडं पुढच्या वर्षी माडांवर आली नाहीत. मढवीची बदली झाली. मी आणखी नऊ वर्षं घोषणा केल्या आणि निवृत्त झालो. सदर चालू आहे. गिधाडांवर दर वर्षी एक लेख मागतात, देतो. तीन प्रश्नांची चौकट अजूनही टाकतो.

खरं तर एवढं सांगून थांबलो असतो. पण त्या चिठ्ठ्यांचं राहिलं.

त्या प्रसंगानंतर चारेक महिन्यांनी पहिली चिठ्ठी आली. चांगुणाबाईंना लिहिता येत नाही, कुणाकडून तरी लिहून घेतलेली. ‘वरच्या आळीतली म्हैस मेली. मी जाऊन विचारलं. सुई नाय. टाकू का?’ मी खाली लिहिलं, ‘टाका,’ आणि परतीच्या गाडीने पाठवून दिली. तेव्हापासून आंबेटवाडीत आणि शेजारच्या दोन वाड्यांत जनावर मेलं की ही बाई काठी टेकत जाते, लोक दारातून हाकलतात तरी बसून राहते, तिन्ही प्रश्न विचारते आणि मला चिठ्ठी पाठवते. सुई असली तर स्वतः उभी राहून पुरायला लावते. बारा वर्षांत सत्तेचाळीस चिठ्ठ्या आल्या. मी सगळ्या ठेवल्या आहेत. कातळावर आता कावळे येतात आणि कुत्री. गिधाड एकही आलेलं नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. तरी त्या विचारतात आणि मी ‘टाका’ लिहितो.

गेल्या सोमवारी मी पेपर घ्यायला स्टँडवर गेलो होतो. गायकर कधीच निवृत्त झालाय. नव्या कंडक्टर मुलीने हाक मारून चिठ्ठी दिली. ‘तांबडी गाय. म्हातारपणाने गेली. सुई नाय. टाकू का?’ खाली वेगळ्या शाईत एक ओळ होती. ‘आता मला चालवत नाय भाऊ. पुढल्या वेळी कोन विचारील ते बघा.’

मी कट्ट्यावर बसलो. पेन काढलं. ‘टाका’ लिहिलं. मग त्याखाली लिहिलं, ‘मावशी, तेव्हाही तुम्ही मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, आणि गप्प बसलो. पुढल्या वेळी मी येऊन विचारीन.’

कंडक्टर मुलीला म्हणालो, "त्यांना वाचता येत नाही. वाचून दाखवशील?"

"दाखवीन की."

"ओट्यावर बसून वाच. आजूबाजूला माणसं असली तर बरं. आणि मोठ्याने वाच."

तिने चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली, घंटी मारली. साडेनऊची गाडी वेळेवर सुटली.